बॅलन्स शाफ्ट काढले, आता तेल कुठून गळतंय?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना हातांनी दाखवलेलं इथे वाक्यांत आणलंय आणि आकडेमोड जरा नीट मांडलीये. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा प्रश्न मंचरहून आलाय. गाडी पजेरो स्पोर्ट, अडीच लिटर डिझेल. टायमिंगचं कव्हर उघडलं तेव्हा आतला छोटा बेल्ट चिरलेला दिसला. मेकॅनिक म्हणाला, हा बेल्ट ज्या शाफ्टना फिरवतो ते शाफ्टच काढून टाकू, पुन्हा कटकट नको. काढले. त्यानंतर पुढचं ऑइल सील दोनदा बदलून झालं, तरी रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला की सकाळी त्यावर तेल असतंच. आता विचारतायत, तिसऱ्यांदा सील बदलू का?

माझं म्हणणं, अजून नको. आधी दोन प्रेशर मोजा. एक तेलाचं, दुसरं इंजिनाच्या पोटातल्या हवेचं. बॅलन्स शाफ्ट काढल्यावर गळती दोन प्रकारची असू शकते. एक बाहेर पडते आणि पुठ्ठ्यावर दिसते. दुसरी इंजिनाच्या आतच होते, तिचा एक थेंबही जमिनीवर पडत नाही. बाहेरच्या गळतीनं अंगण खराब होतं. आतल्या गळतीनं बेअरिंग जातात. आणि आपण सगळे पुठ्ठ्याकडेच बघत बसतो.

हे शाफ्ट मुळात करतात काय, ते आधी बघू. नाहीतर काढल्यावर काय बिघडतं ते कळणार नाही.

आपल्याकडे विहिरीवर जुनं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन ज्यांनी पाहिलंय त्यांना फार समजवावं लागणार नाही. काँक्रीटमध्ये फाउंडेशन बोल्ट गाडून, एवढं मोठं फ्लायव्हील लावूनही ते जागच्या जागी नाचायचं. चार सिलिंडर एका ओळीत असले की बरीचशी नाचानाच आपोआप संपते, कारण दोन पिस्टन वर जात असतात तेव्हा दोन खाली येतात. पण सगळी संपत नाही. पिस्टन क्रँकला कनेक्टिंग रॉडनं जोडलेला असतो आणि फिरताना तो रॉड तिरका होतो. त्यामुळे क्रँक पहिला पाव फेरा फिरते तेव्हा पिस्टन अर्ध्याहून जास्त अंतर खाली आलेला असतो. या पजेरोच्या इंजिनात, म्हणजे मित्सुबिशीच्या ४डी५६ मध्ये, स्ट्रोक ९५ मिलिमीटरचा आहे. रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या साधारण सव्वातीन पट धरली, तर पहिल्या पाव फेऱ्यात पिस्टन ५५ मिलिमीटर खाली येतो आणि पुढच्या पाव फेऱ्यात फक्त ४०. वर जाणारे आणि खाली येणारे पिस्टन एकमेकांना पूर्ण काटत नाहीत. जो जोर उरतो तो क्रँकच्या एका फेऱ्यात दोन वेळा वरखाली होतो. याला सेकंडरी असंतुलन म्हणतात.

उरून उरून किती उरणार, असं वाटेल. प्रत्येक पिस्टनबरोबर वरखाली होणारं वजन एक किलो धरा. हा माझा अंदाज आहे, सोपा हिशेब व्हावा म्हणून. ३००० आरपीएमला चारही पिस्टनचा मिळून जोर साडेपाचशे किलो वजनाच्या आसपास येतो, आणि तो सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो. ७५० च्या आयडलला तोच जोर ३५ किलोच्या घरात असतो, कारण वेग चौपट झाला की जोर सोळापट होतो. म्हणून शाफ्ट काढलेली गाडी गॅरेजच्या दारात शहाण्यासारखी उभी राहते आणि हायवेला लागली की दात वाजवते.

यावर उपाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी काढला. वजन एका बाजूला असलेले दोन शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट दिशेनं फिरवायचे. वरखाली जोर दोघांचा मिळून पिस्टनच्या विरुद्ध लागतो आणि आडवा जोर एकमेकांना खाऊन टाकतो. मित्सुबिशीनं १९७५ च्या सुमारास हीच कल्पना 'सायलेंट शाफ्ट' नावानं आपल्या इंजिनात आणली. त्यांनी एक शाफ्ट वर आणि एक खाली बसवला, त्यामुळे इंजिनाचं डोलणंही कमी झालं. पुढे पोर्शेनं ९४४ साठी हे तंत्र मित्सुबिशीकडून परवाना घेऊन वापरलं. म्हणजे कुणी तरी हौस म्हणून लावलेला हा भाग नाही.

मग लोक काढतात कशाला? कारण तो छोटा बेल्ट. तो मोठ्या टायमिंग बेल्टच्या मागे, आतल्या बाजूला असतो. मोठा बेल्ट बदलताना "हा चांगला दिसतोय" म्हणून त्याला तसाच ठेवतात. तो तुटला की त्याचे तुकडे मोठ्या बेल्टमध्ये अडकतात, मोठा बेल्ट उडी मारतो किंवा तुटतो, आणि या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. हेड उतरवण्याचा खर्च. त्यामुळे "मूळच उपटून टाकू" हा विचार अगदी वेडा नाही. माझं मत विचाराल तर गावातल्या रोजच्या गाडीला दोन्ही बेल्ट टेन्शनरसकट वेळेवर बदलणं जास्त शहाणपणाचं. पण काढून झालेत, तर आता पुढचं बघू.

तेलाचा हिशेब

शाफ्ट फिरतो म्हणजे त्याला बुश असतात, आणि बुशला पंपाचं तेल लागतं. ब्लॉकमध्ये त्यासाठी मुद्दाम भोकं पाडलेली असतात. शाफ्ट जागेवर असताना शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, तेल तेवढ्यातूनच झिरपतं. शाफ्ट काढला की ते भोक सताड उघडं पडतं. शेतात ड्रिपचा एक ड्रिपर उपटला तर काय होतं? तिथून पिचकारी उडते आणि लाइनच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. इथं शेवटचं झाड म्हणजे क्रँकची बेअरिंग, कॅमशाफ्ट आणि टर्बो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला जुनी ओळख आहे. एखादं मॉड्यूल "नको असलेलं" म्हणून उडवायचं, आणि त्याला डेटा पुरवणारी पाइपलाइन मात्र चालूच ठेवायची. चूक दिसते भलत्याच ठिकाणी.

हे भोक बंद करायची रूढ पद्धत अशी की जुना बुश काढून, थोडा फिरवून पुन्हा ठोकायचा, म्हणजे बुशचं भोक आणि ब्लॉकचं भोक समोरासमोर येत नाहीत. काही जण ब्लॉकच्या भोकात आटे पाडून ग्रब स्क्रू बसवतात. दोन्ही चालतं, पण नीट केलं तर. ढिला बसलेला बुश पुन्हा सरकू शकतो. लॉकिंग सोल्यूशन न लावलेला स्क्रू सुटून चेंबरमध्ये पडू शकतो.

आता याची दुसरी बाजू, जी कुणी सांगत नाही. भोकं व्यवस्थित बंद केली, तर तेलाचं प्रेशर कमी न होता वाढू शकतं. पंप दोन शाफ्टना पाजून उरेल एवढ्या क्षमतेचा बनवलेला असतो. आता पिणारे कमी झाले. जादा तेल परत चेंबरमध्ये सोडायला स्प्रिंगवाला रिलीफ व्हॉल्व्ह असतो, पण त्याचं भोक जुन्या हिशेबाचं. मित्सुबिशीच्या ४जी६३ या पेट्रोल इंजिनावर काम करणाऱ्यांना हे चांगलं माहिती आहे. शाफ्ट काढल्यावर थंडीत सकाळी काटा शेवटाला टेकतो आणि ते लोक रिलीफची वाट घासून मोठी करतात. असं वाढलेलं प्रेशर कुठं बाहेर पडतं? ऑइल फिल्टरच्या रबराशी, कूलरच्या पाइपांच्या जोडाशी, ऑइल प्रेशर स्विचच्या आट्यांतून.

क्रँकच्या पुढच्या सीलवर मात्र पंपाचं प्रेशर थेट येत नाही. ते सील फक्त बेअरिंगमधून सांडलेलं, खाली वाहणारं तेल अडवतं. त्याची ओठासारखी कड प्रेशर पेलायला बनवलेलीच नसते. त्यामुळे एकच सील दोनदा बदलून तिसऱ्यांदा गळत असेल, तर बहुतेक वेळा दोष सीलमध्ये नसतो.

मोजायचं कसं

डॅशबोर्डवरच्या तेलाच्या दिव्यावर विसंबू नका. तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो. दिवा लागत नाही याचा अर्थ एवढाच की अजून सगळं संपलेलं नाही. प्रेशर स्विच काढा, त्या आट्यांना बसणारा अडॅप्टर लावून काट्याचा मेकॅनिकल गेज जोडा. चांगल्या डिझेल गॅरेजमध्ये हा असतो, नसेल तर पुण्यात नाना पेठेत मिळून जातो.

इंजिन पूर्ण गरम असायला हवं, हे महत्त्वाचं. थंड तेल घट्ट असतं, ते आतली गळती झाकतं. मंचरच्या माणसाला मी सांगेन, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरच्या चढाला गाडी घेऊन जा. वर पोचल्यावर सपाट जागी थांबा आणि लगेच आयडलवर काटा वाचा. ओतूर-आळेफाट्याकडच्यांनी माळशेज उतरून पुन्हा चढून यावं. ४जी६३ च्या दुरुस्ती पुस्तकात ७५ ते ९० अंश तेलाला आयडलवर किमान ८० किलोपास्कल, म्हणजे ०.८ बार दिलंय. तुमच्या इंजिनाचा आकडा त्याच्याच पुस्तकातून घ्या, पण गरम आयडलला काटा अर्ध्या बारच्या आसपास लोळत असेल तर पुठ्ठा विसरा आणि गाडी बंद करा. आत कुठलं तरी भोक उघडं आहे, नाहीतर पंपाला तेल ओढायला अडथळा आहे. तो अडथळा बऱ्याचदा माणसानंच केलेला असतो. चेंबर बसवताना सिलिकॉनचा जाड थर दिला की तो आतल्या बाजूला फुगतो, त्याचे तुकडे सुटतात आणि स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतात. तीन-चार मिलिमीटरची एकसारखी रेघ पुरते.

दुसरं मोजमाप पोटातल्या हवेचं. रिंगांच्या बाजूनं थोडी हवा खाली उतरतेच, ती ब्रीदरमधून बाहेर जायला हवी. ब्रीदर तुंबला की ती हवा सगळ्यात अशक्त सील शोधते. यासाठी महागडं काही नको. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, यू आकारात जमिनीजवळ लोंबू द्या, त्यात थोडंसंच पाणी भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा. इंजिन चालू करा. दोन्हीकडचं पाणी जवळपास सारखं राहायला हवं. एक बाजू काही इंच वर ढकलली जात असेल, तर ब्रीदरची नळी काढून साफ करा आणि पुन्हा बघा. साफ करूनही तेच असेल तर रिंगा, नाहीतर टर्बो. अशा इंजिनाला सोन्याचं सील लावलं तरी गळेल.

आता पुठ्ठ्याकडे

दोन्ही प्रेशर ठीक आली, तर मग बाहेरची गळती शोधायला अर्थ आहे. पुठ्ठ्यावरचा डाग जिथं आहे तिथं गळती नसते. तेल खाली वाहतं, पंख्याचा वारा त्याला मागे फेकतो आणि टायमिंग कव्हरच्या आत सांडलेलं सगळं शेवटी कव्हरच्या खालच्या कोपऱ्यातून टपकतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा कॅमचं सील वर गळत असेल तरी दोष खालच्या क्रँक सीलवर येतो. म्हणून सगळं आधी डिझेलनं धुऊन, हवा मारून कोरडं करायचं, कव्हर काढून जोडांवर टाल्कम पावडर मारायची आणि पाच-दहा मिनिटं चालवायचं. पावडरवर ओली रेघ उमटते. सगळ्यात वरची रेघ शोधा, खालच्या सगळ्या तिची पिल्लं. कव्हर उघडं असताना गळ्यातला टॉवेल आणि लोंबणारी बाही लांब ठेवा. तेलात टाकायचा यूव्ही रंग आणि निळी बॅटरी असेल तर आणखी सोपं.

शाफ्ट काढलेल्या इंजिनात माझा पहिला संशय फ्रंट केसमधल्या बुचावर. बेल्टनं फिरणारा शाफ्ट जिथून बाहेर यायचा, तिथं आता शाफ्ट नाही, म्हणून लेथवर बनवलेलं किंवा तयार मिळणारं बूच ठोकतात. ते एका बाजूला तिरकं बसलं, केसमधल्या भोकाला आधीच चरा पडलेला असला, किंवा बुचाची कड कोरडीच ठोकली, तर तिथून झिरपतं. आणि त्याच्यामागचं तेलाचं भोक बंद केलेलं नसेल तर बुचाच्या पाठीवर सतत फवारा बसतो. इथं आतली आणि बाहेरची गळती एकाच जागी भेटतात. मी तर म्हणेन, बूच ओलं दिसलं की प्रेशरचा आकडा पुन्हा एकदा बघा.

काही ठिकाणी बूच लावतच नाहीत, जुन्या सीलमध्ये शाफ्टचा कापलेला तुकडा अडकवून देतात. तो तुकडा मागून कशानं तरी धरलेला नसेल तर कधी ना कधी बाहेर येणार. मग थेंब नाही, सगळं तेलच खाली.

दुसरा संशय क्रँकवरच्या पुलींच्या थप्पीवर. छोट्या बेल्टची दातांची पुली क्रँकवर बाकीच्या भागांबरोबर एका बोल्टखाली दाबलेली असते. ती काढली तर तेवढ्याच जाडीचं स्पेसर हवं, नाहीतर पुली तशीच राहू द्यावी. स्पेसर नसेल तर बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण थप्पी दाबली जात नाही. पुली किंचित लटपटते, मोठा बेल्ट एका कडेला सरकतो आणि सीलची कड एकाच बाजूला घासते. दोनदा बदललेल्या सीलची हीच कहाणी असू शकते. जुनं सील फेकून दिलं नसेल तर बघा, ओठ सगळीकडून सारखा झिजलाय की एकीकडेच. सारखा झिजला असेल तर क्रँकवर बोटाचं नख फिरवा. खाच लागली तर नवं सील मिलिमीटरभर पुढेमागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल, किंवा त्यावर पातळ स्लीव्ह चढवा.

मग फ्रंट केसचं पॅकिंग. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावरून जुनं पॅकिंग छिन्नीनं खरवडलं की जे चरे पडतात ते सिलिकॉन थोडे दिवस झाकतं. या केसचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो तळाला टेकतो, पाना 'टाइट' म्हणतो आणि केस मात्र ढिलीच राहते. यानंतर ऑइल पंपाच्या शाफ्टचं सील आणि झाकणाचं ओ-रिंग बघायचं. वर्षानुवर्षं तापून ते रबर प्लॅस्टिकसारखं कडक झालेलं असतं, आणि चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू म्हणून कुणी बदलत नाही.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. टायमिंग बेल्टला तेल लागलं असेल तर तो पुसून पुन्हा लावू नका, नवा टाका. तेलानं त्याचं रबर फुगतं आणि दात सुटतात. ज्या अपघाताच्या भीतीनं शाफ्ट काढले, तोच अपघात मग दुसऱ्या दारानं येतो.

अर्धवट कामाबद्दलही बोलायला हवं. ४जी६३ सारख्या इंजिनात एक शाफ्ट छोट्या बेल्टनं फिरतो आणि दुसरा ऑइल पंपाच्या गिअरवर. नुसता छोटा बेल्ट काढला तर पहिला थांबतो, दुसरा फिरतच राहतो. वरखाली जोर अर्धाच काटला जातो आणि आडवा जोर, जो दोघं मिळून खायचे, तो आता मोकळा सुटतो. इंजिन बाजूबाजूला हलायला लागतं. तेलाच्या दृष्टीनं हा प्रकार सुरक्षित, कारण भोकं उघडी पडत नाहीत. पण थरथरीनं चेंबरचे बोल्ट, टर्बोच्या तेलाच्या पाइपची नटं आणि कूलरचे क्लॅम्प सैल होतात, आणि गळती अशा जागी येते जिथं कुणी पाना लावलेलाच नाही. शाफ्ट पूर्ण काढलेल्या गाडीलाही हे लागू आहे. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर हे सगळे जोड एकदा तपासा, इंजिन माउंटिंगसकट.

जाता जाता ट्रॅक्टरवाल्यांसाठी, कारण जुन्नरमधून हे विचारणारे नक्की निघतील. आपल्याकडचे बरेच ट्रॅक्टर तीन सिलिंडरचे आहेत, त्यांच्यात हे सेकंडरी असंतुलन आपोआप कटतं, त्यांचा त्रास वेगळा. कुबोटाच्या एमयू४५०१ मध्ये चार सिलिंडर, २४३४ सीसी आणि बॅलन्सर शाफ्ट आहेत. तिथं हात लावायचं काही कारण नाही. दिवसभर सीटवर बसणाऱ्याच्या पाठीसाठीच ते दिलेत. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० मध्येही बॅलन्सर आहे. एक सिलिंडर आणि इतका वेग म्हटल्यावर तो काढायचा विचारही करू नका.

आणि शेवटचा उपप्रश्न होता, शाफ्ट परत बसवता येतात का? ब्लॉकच्या भोकात आटे पाडलेले नसतील आणि फक्त बुश फिरवलेले असतील तर येतात. नवे बुश, नवी सीलं, नवा छोटा बेल्ट टेन्शनरसकट. लावताना मात्र शाफ्टच्या खुणा जुळतायत एवढ्यावर थांबू नका. ४जी६३ मध्ये पंपाकडच्या शाफ्टची खूण जुळूनही शाफ्ट उलटा असू शकतो. ते तपासायला ब्लॉकच्या बाजूला एक प्लग असतो, तो काढून ८ मिलिमीटर जाडीचा स्क्रू ड्रायव्हर आत घालायचा. ६० मिलिमीटर आत गेला तर बरोबर, २०-२५ वरच अडला तर पुली आणखी एक फेरा फिरवायची. तो प्लग परत लावताना वॉशर नवा घाला, नाहीतर पुठ्ठ्यावर पुन्हा डाग. तोवर काढलेले शाफ्ट भंगारात देऊ नका. तेल चोपडून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका.